ड्रॉइंगप्रमाणेच बनवलंय, तरी साइटवर बसत नाही? चूक शोधायची कुठे?

लोखंडी जिना गाडीवरून उतरला, क्रेनने उचलून जागेवर धरला आणि वरची प्लेट स्लॅबच्या पातळीला यायच्या ऐवजी ६५ मिमी खाली राहिली. फोरमनने टेप लावली. जिन्याची उंची बरोबर ३६०० भरली. ड्रॉइंगवरही ३६००च लिहिलेले. "मॅडम, आमचं काम ड्रॉइंगप्रमाणे आहे," फॅब्रिकेटर, म्हणजे जिना बनवणारा, म्हणाला, आणि ते खरं होतं. स्लॅबच्या मिस्त्रींनी भिंतीवरच्या लेव्हलच्या खुणा दाखवल्या. त्यांचा स्लॅबही ड्रॉइंगप्रमाणेच होता. तेही खरं होतं. जिना मात्र क्रेनला लटकलेला, आणि खाली आम्ही सगळे माना वर करून उभे.

हे फक्त जिन्याचं नाही. रेलिंग, काचेच्या चौकटी, डक्टचे सपोर्ट, बीम, शेडचे ट्रस, सगळ्यांत हेच पुन्हा पुन्हा होतं. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असतात आणि वस्तू तरीही बसत नाही. फॅब्रिकेशनची ड्रॉइंग तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. आकडाच चुकलेला आहे असं फार क्वचित सापडतं. बहुतेक वेळा चुकते ती आकडा जिथून मोजायचा ती जागा. प्रत्येक मापाला दोन टोकं असतात. ती टोकं कशावर टेकली आहेत हे न बघता मधला आकडा वाचला, की पुढचं सगळं मापात असूनही वाया जातं.

त्या जिन्याचं काय झालं होतं

ड्रॉइंगवर खाली ±०.००० आणि वर +३.६०० अशा दोन पातळ्या होत्या, आणि दोन्हींपुढे एफएफएल लिहिलं होतं, म्हणजे तयार फरशीची पातळी. खालच्या मजल्यावर दगडी लादी आणि तिच्याखालचा माल धरून १०० मिमी येणार होते, वरच्या मजल्यावर फक्त ३५. म्हणजे खालचा कच्चा स्लॅब −०.१०० वर आणि वरचा +३.५६५ वर. कच्च्यापासून कच्च्यापर्यंत अंतर भरतं ३६६५. त्यात ३६००चा जिना उभा केला, की ६५ कमी पडणारच.

३६०० या आकड्याचे दोन्ही पाय तयार फरशीवर होते, आणि जिना आला त्या दिवशी फरशी अजून बसवायचीच होती.

हट्टाने तो तसाच बसवला असता तर काय झालं असतं तेही बघा. १८० मिमीच्या २० पायऱ्या होत्या. सगळा जिना १०० मिमी खाली बसला असता. फरशी झाल्यावर पहिली पायरी चढायला ८० मिमीची आणि शेवटची २८० मिमीची. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पाय उंचीचा अंदाज घेतो आणि पुढे डोळे न लावता चालत राहतो. असा जिना अपघाताची जागा झाला असता, आणि हातात ड्रॉइंग घेऊन आम्ही "माप बरोबर आहे" म्हणत बसलो असतो.

म्हणून कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की मी एक रंगीत पेन घेते आणि महत्त्वाच्या प्रत्येक मापाच्या दोन्ही टोकांना पृष्ठभागाचं नाव लिहिते: कच्चा स्लॅब, तयार फरशी, ग्रिड (कॉलमच्या मांडणीसाठी आखलेली संदर्भ रेघ), कॉलमचा सेंटर, कॉलमचा फेस (बाहेरचा पृष्ठभाग), विटेचा फेस, प्लास्टरचा फेस. मोठ्या ड्रॉइंगला अर्धा तास जातो. जिथे नाव लिहिता येत नाही तिथे कटिंग सुरू होण्याआधी विचारायचं. "असेल बहुतेक फेसपासून" एवढ्यावर मी आजवर बरंच लोखंड भंगारात गेलेलं पाहिलंय.

आधी बघा, हातात कागद कुठला आहे

डिझाइनचं ड्रॉइंग काय हवंय ते सांगतं: कुठला सेक्शन (लोखंडाचा आकार), किती भार, कुठली पातळी. शॉप ड्रॉइंग प्रत्येक तुकडा कसा कापायचा, कुठे भोक पाडायचं, कुठे वेल्ड करायचा ते सांगतं. इरेक्शन ड्रॉइंग कुठला मार्क (तुकड्याची ओळखखूण) कुठे आणि कुठल्या दिशेने बसवायचा ते सांगतं. डिझाइनच्या ड्रॉइंगवरून थेट कटिंग करायचं नाही, कारण त्यात बीमची लांबी सहसा ग्रिडपासून ग्रिडपर्यंत असते आणि तेवढ्या लांबीचा बीम कधीच बनत नाही. त्याचा हिशोब पुढे करते.

कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातली चौकट, टायटल ब्लॉक, आधी वाचा. रिव्हिजन, म्हणजे सुधारित आवृत्ती, कितवी आहे? मंजुरीसाठी पाठवलेली प्रत आहे की कामासाठी दिलेली? "शेऱ्यांसह मंजूर" असा शिक्का असेल तर ते शेरे कुठे आहेत? ते शेरे बरेचदा दुसऱ्याच प्रतीवर असतात आणि वर्कशॉपमध्ये पोचते ती कोरी प्रत. नवी रिव्हिजन आली की ढगासारख्या रेघेने वेढलेले भाग आणि त्यांच्या शेजारचे त्रिकोण बघायचे, पण त्यावरच भिस्त ठेवायची नाही. बदल केलेल्या माणसाला ढग काढायचं आठवलं असेलच असं नाही. जुनी प्रत भिंतीवरून काढा आणि तिच्यावर जाड पेनने आडवी फुली मारा. टेबलावर दोन रिव्हिजन असल्या की हात नेमका जुनीकडे जातो, कारण ओळखीच्या खुणा तिच्यावर असतात.

कागदावर पट्टी लावून माप काढू नका

बहुतेक ड्रॉइंगवर ही सूचना छापलेली असते आणि तरी पट्टी लावली जाते. ए१ कागद ८४१ बाय ५९४ मिमीचा, ए३ ४२० बाय २९७चा. ए१ ड्रॉइंग ए३वर छापलं की प्रत्येक रेघ निम्म्या लांबीची होते. चौकटीत १:५० लिहिलेलं तसंच राहतं, पण कागदावर आता १:१०० झालेलं असतं. एवढा मोठा फरक निदान लक्षात येतो. खरा धोका "पानात बसवा" या पर्यायात आहे. त्यात चित्र दोन-चार टक्क्यांनी आक्रसतं आणि कुणाला कळतही नाही. दोन टक्के म्हणजे ३००० मिमीला ६० मिमी.

लिहिलेलं माप आणि चित्रातली लांबी जुळत नसेल तर लिहिलेलं माप धरायचं, हा सर्वसाधारण नियम आहे. पण लिहिलेली दोन मापंच एकमेकांशी जुळत नसतील तर? प्लॅनमध्ये तुकड्यातुकड्याची बेरीज ४२५० येते आणि एकूण माप ४२०० लिहिलंय, असं होतं. तिथे स्वतः एक निवडू नका. तो प्रश्न लिहून पाठवायचा, आणि उत्तरही लेखीच घ्यायचं.

एककाबद्दल एकच सांगते. मापं मिलिमीटरमध्ये आणि पातळ्या मीटरमध्ये लिहायची पद्धत आहे. म्हणून ३६०० आणि +३.६०० एकाच कागदावर शेजारी शेजारी दिसतात. पहिलं अंतर आहे, दुसरी जागा आहे. +३.६०० म्हणजे शून्य धरलेल्या पातळीपासून ३.६ मीटर वर. तो शून्य साइटवर कुठल्या भिंतीवर खुणावलाय हे माहीत असल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

६ मीटरचा बीम किती लांब कापायचा?

हा प्रश्न मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी विचारते. ग्रिड ते ग्रिड ६०००. दोन्हीकडे ३०० मिमी खोलीचे एच सेक्शनचे कॉलम, मध्य ग्रिडवर. बीम दोन्ही कॉलमच्या फ्लँजला (एचच्या उभ्या दांड्यांना) एंड प्लेटने, म्हणजे टोकाला लावलेल्या प्लेटने, बोल्ट होणार आहे.

६०००मधून दोन्हीकडचे १५०-१५० गेले, उरले ५७००. दोन एंड प्लेट १६-१६च्या, म्हणजे ३२ गेले, उरले ५६६८. बसवताना घुसायला जागा हवी, दोन्हीकडे २-२ मिमी सोडले तर बीमचा दांडा ५६६४. साइटवर उरलेल्या फटीत शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, येते. लांब झालेला बीम दोन कॉलमच्या मध्ये जातच नाही, आणि २ मिमी आखूड झालेला शिम टाकून नीट बसतो. म्हणून चूक करायचीच असेल तर आखूड बाजूला करा, असं जुने फिटर सांगतात, आणि त्यात तथ्य आहे.

आता प्लॅनमध्ये नीट बघा, कॉलमचा एच कसा उभा आहे? एका टोकाचा कॉलम ९० अंशांत फिरलेला असेल, तर बीम त्या टोकाला फ्लँजला न लागता वेबला, म्हणजे एचच्या मधल्या दांड्याला, लागेल. वेब १० मिमीचा असेल तर त्या बाजूचे १५० जाऊन फक्त ५ वजा होतील. एका अक्षराची दिशा आणि लांबीत १४५ मिमीचा फरक. प्लॅनमधला तो एच इवलासा असतो. फोनच्या पडद्यावर पीडीएफ बघत असाल तर तो काळा ठिपका दिसतो. तिथे मोठं करून बघायलाच हवं.

याच जागी दुसरी एक चूक लपलेली असते. भोकांची मापं साखळीत दिलेली असतात, म्हणजे एकापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं. टेप सरकवत एकेक माप घेतलं आणि दर वेळी पेन्सिलच्या रेघेएवढा १ मिमी सरकला, तर बाराव्या भोकाला ११ मिमी होतात. त्याऐवजी टेप एकदाच एका टोकाला लावून सगळ्या खुणा पाडायच्या. ड्रॉइंगवर चालती (सगळी एकाच टोकापासूनची) मापं नसतील तर कटिंगआधी बाजूला बेरजा लिहून घ्यायच्या. "१२ समान भाग" असं असेल तर आणखी जपा. ३१०० भागिले १२ म्हणजे २५८.३३. प्रत्येक भाग २५८ धरला तर शेवटी ४ मिमी कमी पडतात, आणि रेलिंगचा शेवटचा खांब बेसच्या भोकांवर येत नाही.

टेपचंही बघा. पुढचा हुक वाकलेला किंवा सैल झालेला असला की कारागीर १०० वर धरून मोजतात, आणि ते शंभर वजा करायचे राहतात. तुकडा बरोबर १०० मिमी आखूड निघाला तर ड्रॉइंग उलगडण्याआधी टेप तपासा. लांब कामात तापमानही मोजावं लागतं. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं. ३० मीटरचं लोखंड २५ अंशांच्या फरकाने ९ मिमी लांब होतं. सकाळी घेतलेलं माप आणि भर दुपारी उन्हात तापलेल्या गर्डरवर घेतलेलं माप जुळलं नाही तर कुणावर खेकसू नका.

उजवा की डावा: आरशातली चूक

सगळ्यात जास्त मनस्ताप मला या चुकीने दिलाय, कारण इथे प्रत्येक माप खरोखरच बरोबर असतं. लांबी, भोकं, प्लेटची जाडी, सगळं. फक्त ब्रॅकेट उलट्या बाजूला लागलेलं असतं.

याची कारणं तीन, आणि ती वेगवेगळी आहेत.

एक म्हणजे प्रोजेक्शन. बाजूचं दृश्य कुठे मांडायचं याच्या दोन पद्धती जगभर चालतात. फर्स्ट अँगलमध्ये डावीकडून दिसणारं दृश्य उजवीकडे काढतात, थर्ड अँगलमध्ये डावीकडचं डावीकडेच. कुठली पद्धत आहे ते कापलेल्या शंकूच्या छोट्या चिन्हावरून कळतं. एका बाजूला शंकूचं आडवं चित्र, शेजारी दोन वर्तुळं. शंकूचं बारीक टोक वर्तुळांकडे असेल तर थर्ड अँगल. जाड टोक वर्तुळांकडे असेल तर फर्स्ट अँगल. एका पद्धतीवर हात बसलेल्या माणसाला दुसरीचं ड्रॉइंग आलं की तो न कळत आरशातली वस्तू बनवतो. बांधकामाच्या ड्रॉइंगवर हे चिन्ह कित्येकदा नसतंच. तेव्हा दृश्यावरचं नाव आणि सेक्शनचे (कापून दाखवलेल्या दृश्याचे) बाण हाच आधार. बाण ज्या दिशेला, नजर त्या दिशेला. कापलेली रेघ तीच ठेवून बाण फिरवला, की ब्रॅकेट दुसऱ्या बाजूला जातं.

दुसरं कारण म्हणजे यादीतला एक बारीक शेरा: "४ नग दाखवल्याप्रमाणे, ४ नग विरुद्ध हाताचे." जागा वाचवायला ड्रॉइंग एकाच हाताचं काढतात. यादी न वाचता आठही एकाच हाताचे बनले, की चार फुकट. वर्कशॉपला मी एवढंच सांगते, असा शेरा दिसला की जाड पुठ्ठ्याचे दोन छोटे नमुने कापा, ब्रॅकेटच्या जागी पट्टी चिकटवा आणि टेबलावर शेजारी ठेवा. एक फिरवून दुसऱ्यासारखा होतो का बघा. होत असेल तर तो तुकडा दोन्हीकडे चालतो, काळजीचं कारण नाही. कसाही फिरवला तरी होत नसेल तर हात वेगळे आहेत आणि मार्कही वेगळे हवेत.

तिसरं कारण साइटवरचं. तुकडा बरोबर बनतो, पण उलटा बसवला जातो. बऱ्याच ठिकाणी इरेक्शन मार्क ड्रॉइंगमध्ये तुकड्याच्या डाव्या टोकाला दिसतो त्याच टोकाला ठोकायची पद्धत आहे. इरेक्शन प्लॅनमध्येही तो मार्क त्याच टोकाला लिहिलेला असतो. ही सांगड सगळ्यांना माहीत असेल तर बीम वर चढण्याआधीच कळतं कुठलं टोक कुठल्या ग्रिडला. मार्क रंगाने लिहिला आणि वर प्राइमर मारला, तर तो गेला. पंचने ठोकलेला राहतो.

छताला लटकवायच्या कामात आणखी एक गंमतीदार वाटणारी, पण महागात पडणारी गोष्ट आहे. छताचा प्लॅन खाली जमिनीवर आरसा ठेवून त्यात छत बघावं तसा काढतात. म्हणून त्यातली डावी-उजवी बाजू फरशीच्या प्लॅनसारखीच असते. ड्रिल मारणारा माणूस मान वर करून छताकडे बघतो, कागद डोक्यावर उलटा धरतो, आणि सगळी भोकं आरशात पाडतो. भोकांच्या खुणा आधी फरशीवर काढा आणि ओळंब्याने किंवा लेझरने वर न्या. ही चूक तिथेच थांबते.

वेल्डच्या चिन्हातला ६ म्हणजे नक्की काय?

हा प्रश्न वस्तू बसण्याचा नाही, पण "कुठून मोजलं" याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. कोपऱ्यातला फिलेट वेल्ड दोन प्रकारे मोजता येतो: पायाची लांबी, किंवा कोपऱ्यापासून तिरक्या पृष्ठभागापर्यंतची जाडी, जिला थ्रोट म्हणतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत आकड्याआधी z असेल तर पाय, a असेल तर थ्रोट. अमेरिकन पद्धतीत फिलेटचा आकडा पायाचाच असतो. दोन पाय सारखे असतील तर थ्रोट पायाच्या ०.७ पट. म्हणजे थ्रोट ६ मागितलेला असताना पाय ६ केला, तर हातात थ्रोट ४.२चा येतो. वेल्ड ३० टक्क्यांनी कमी, आणि वरून बघून काही कळत नाही. गेज लावून मोजणाऱ्यालाही आपण काय मोजतोय ते माहीत असावं लागतं.

बाण कुठल्या बाजूला टेकलाय तेही बघा. अमेरिकन पद्धतीत रेघेच्या खालचं चिन्ह बाणाच्या बाजूचा वेल्ड, वरचं पलीकडच्या बाजूचा. आयएसओच्या एका पद्धतीत हे तुटक रेघेवरून ठरतं. कोपऱ्यात झेंडा असेल तर तो वेल्ड साइटवर करायचा आहे, वर्कशॉपमध्ये नाही. वर्कशॉपने उत्साहात तोही करून टाकला की तुकडा जागेवर घुसत नाही. छोटं वर्तुळ असेल तर सगळीकडून.

"माप साइटवर तपासावे" हे कोणी तपासायचं?

हा शेरा ड्रॉइंगवर असतो आणि तो कुणाच्याच नावावर नसतो. डिझाइनर म्हणतो फॅब्रिकेटर बघेल, फॅब्रिकेटर म्हणतो साइटवाले सांगतील. मी आता त्याच्यासमोर हाताने नाव आणि तारीख लिहून घेते. नाव लिहिलं की माणूस जातो आणि मोजतो.

मोजायचं कसं? चौकटीची मोकळी जागा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली, तीन ठिकाणी. उंचीही तीन ठिकाणी. दोन्ही कर्ण. ओळंबा लावून बाजू सरळ आहेत का बघा. समजा ड्रॉइंगवर १५०० आहे आणि साइटवर १५०३, १४९८, १४९२ भरले. सगळ्यात लहान १४९२ धरायचा. दोन्ही बाजूंना १०-१० मिमी सोडायचे असतील तर चौकट १४७२. सरासरी काढली की चौकट वरून घुसते आणि खाली अडकते. आणि जागेला प्लास्टर व्हायचंय का, ते विचारल्याशिवाय यातला एकही आकडा लिहू नका.

अँकर बोल्टचं, म्हणजे कॉलम धरायला काँक्रीटमध्ये रोवलेल्या बोल्टचं, दुखणं वेगळं. काँक्रीट ओततानाच ते हलतात. एम२४ (२४ मिमी व्यासाच्या) बोल्टला पोलादाच्या जोडणीत सर्वसाधारण भोक २६ मिमीचं असतं, म्हणजे खेळायला २ मिमीच. बेस प्लेटची भोकं म्हणूनच त्याहून मोठी ठेवतात आणि वर जाड वॉशर प्लेट घेतात. तेवढ्यानेही भागलं नाही असं बरेचदा होतं. काँक्रीटआधी बोल्ट एका पत्र्याच्या टेम्प्लेटमध्ये बांधा, आणि काँक्रीट सेट झाल्यावर, कॉलमची बेस प्लेट ड्रिल व्हायच्या आधी, प्रत्येक बोल्टचं ग्रिडपासूनचं अंतर आणि डोक्याची पातळी मोजून वर्कशॉपला पाठवा. चार बोल्ट ३०० बाय २०० वर असतील तर ३०० कुठल्या दिशेला आहे ते बाणाने दाखवा. टेम्प्लेट ९० अंशांत फिरलेला मी दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा मापं अचूक होती. बेस प्लेटखाली ग्राउटसाठी (फट भरायच्या मसाल्यासाठी) सहसा २५ ते ५० मिमी जागा सोडलेली असते. कॉलमची लांबी प्लेटच्या खालून धरलीय की काँक्रीटच्या वरून, हा पुन्हा तोच प्रश्न.

बनवायला सोपं पडावं म्हणून केलेला बदल

शॉप ड्रॉइंग करताना जोडणी थोडी बदलावी असं वाटतं. कधी बोल्ट आत जात नाही, कधी पाना फिरत नाही. अशी अडचण खरी असते आणि ती मांडलीच पाहिजे. पण तो बदल मूळ डिझाइन करणाऱ्याने हिशोब करून तपासल्याशिवाय पुढे जाता कामा नये. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये हयात रीजन्सी हॉटेलचे लटकते पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ कल्पनेत चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे दोन पूल छतापासून आलेल्या एकाच लांब सळईवर टांगलेले होते. एवढ्या लांब सळईवर मधोमध नट चढवणं अवघड, म्हणून शॉप ड्रॉइंगमध्ये एका सळईच्या दोन झाल्या: वरची छतापासून चौथ्या मजल्याच्या बीमपर्यंत, खालची त्या बीमपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत. कागदावर फरक एवढाच, की भोक थोडं बाजूला सरकलं. पण आता खालच्या पुलाचा भारही चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटवर आला. तिथला भार दुप्पट झाला. चौकशीत असंही निघालं की मूळची जोडणीदेखील नियमाला पुरी पडणारी नव्हती. ती दोन चित्रं शेजारी ठेवून मी नव्या मुलांना दाखवते आणि भार बोटाने खालून वर नेऊन दाखवायला सांगते. एका चित्रात बोट सळईवरून सरळ छतापर्यंत जातं. दुसऱ्यात ते बीममध्ये शिरतं, आडवं सरकतं आणि मग वर जातं.

मंजुरीचा शिक्का बघताना म्हणूनच विचारा, काय मंजूर झालंय? कित्येकदा फक्त सर्वसाधारण मांडणी तपासलेली असते आणि मापांची जबाबदारी फॅब्रिकेटरकडेच राहते. शिक्क्याखालच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं.

आता चूक झालीच असेल तर

पहिली गोष्ट, गॅस कटर बाजूला ठेवा. भोक जुळत नाही म्हणून ते गॅसने लांबवणं ही साइटवरची सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट दुरुस्ती आहे. कड खडबडीत होते, बोल्टला धरायला कमी लोखंड उरतं, आणि ते वॉशरखाली झाकलं जातं. चेन ब्लॉकने ओढून जबरदस्तीने बसवलेला तुकडाही तसाच. तो जागेवर बसतो, पण आयुष्यभर ताणलेला राहतो.

तुकडा सुरक्षित खाली ठेवा. तुकड्याचं माप घ्या, जागेचं माप घ्या, आणि दोन्हींसोबत "कुठून कुठपर्यंत" ते लिहा. टेप दिसेल असे फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, ग्रिड ओळखता येईल असा. फरकाचा आकडा बघा, तो स्वतःच बरंच सांगतो. फरशीच्या थराएवढा असेल तर कच्च्या-पक्क्याचा घोटाळा. कॉलमच्या निम्म्या खोलीएवढा असेल तर सेंटर आणि फेसचा. प्लास्टरच्या जाडीएवढा असेल तर भिंतीचा. बरोबर १०० असेल तर टेप. फरक टोकाकडे वाढत जात असेल तर साखळी माप. सगळं बरोबर आणि फक्त बाजू उलटी असेल तर आरसा. एवढं हातात घेऊन डिझाइनरला फोन केला, तर शिम, पॅकिंग, जोडपट्टी किंवा नवं भोक यातलं काय चालेल ते तो लवकर सांगू शकतो. दुरुस्ती झाली की लाल पेनने ड्रॉइंगवर चढवा, म्हणजे पुढच्या मजल्याला तीच चूक पुन्हा कापली जाणार नाही.

आमच्या जिन्याला शेवटी डिझाइनरने दोन्ही स्ट्रिंगरखाली (पायऱ्या धरणाऱ्या बाजूच्या तिरक्या बीमखाली) १०० मिमी उंचीचे पोलादी स्टूल दिले. जिना तेवढा वर गेला, वरची प्लेट कच्च्या स्लॅबपासून ३५ वर, म्हणजे होणाऱ्या फरशीच्या पातळीला आली, आणि स्लॅबच्या कडेतली बोल्टची भोकं न ओढता जुळली. स्टूलना गंजरोधक रंग दिला, आणि दगडी लादी पडल्यावर ते दिसेनासे झाले. पुढच्या जिन्याच्या ड्रॉइंगमध्ये तळाशी एकाऐवजी दोन रेघा आल्या, एकीवर कच्चा स्लॅब −०.१००, दुसरीवर तयार फरशी ±०.०००, आणि स्ट्रिंगर खालच्या रेघेपर्यंत उतरवलेला.